मुंबईत जुनी फॅमिली कार घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं मुंबई, ठाणे, नवी मुंबई परिसरात साधारण तीन ते सहा लाखांत जुनी गाडी शोधणाऱ्यांसाठी आहेत. घरची चार-पाच माणसं नीट बसली पाहिजेत, गणपतीला गावी जाता आलं पाहिजे, आणि स्टीअरिंगवर बसणाऱ्याला कंटाळाही येता कामा नये, अशी ज्यांची अपेक्षा आहे त्यांच्यासाठी. खर्चाचे आकडे बाहेरच्या चांगल्या गॅरेजचे आणि अंदाजे आहेत. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला ते वाढतात.

बजेट पाच लाखांचं आहे. पाच लाखांची गाडी बघू का?

नको, सव्वाचार लाखांपर्यंतचीच बघा. विकायला काढलेल्या गाडीत नवे टायर कोण टाकतो? चार टायर हॅचबॅकला १८ ते २५ हजार, बॅटरी पाच-सहा हजार, पूर्ण सर्व्हिसिंग सहा ते दहा हजार, सस्पेन्शनचे लिंक रॉड आणि बुश बदलायचे निघाले तर आणखी आठ-पंधरा हजार. त्यात इन्शुरन्स आणि ट्रान्सफर आलंच. हे पैसे हाताशी नसले की लोक घासलेल्या टायरवर पावसाळा काढतात. गाडी "चालवायला मजा येत नाही" अशी तक्रार मग दोन महिन्यांत सुरू होते, आणि दोष बिचाऱ्या मॉडेलला मिळतो.

मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये चालवण्याची मजा ती कसली?

आहे, फक्त ती बीएचपीच्या, म्हणजे इंजिनाच्या ताकदीच्या आकड्यात शोधू नका. इथे गाडी बहुतेक वेळ पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये असते. त्यामुळे क्लच हलका आहे का आणि दर वेळी एकाच ठिकाणी पकडतो का, गिअर अडकत नाही ना, दोन हजार आरपीएमच्या खाली पाय दाबला तर इंजिन उत्तर देतं का, या गोष्टी रोजच्या आहेत. वजन हा यातला सर्वांत मोठा घटक. २०१८ नंतरची पेट्रोल स्विफ्ट नऊशे किलोच्या आत आहे आणि इंजिन ८३ पीएसचं (पीएस हेही ताकदीचंच माप), म्हणून ती सिग्नलवरून चटकन सुटते. याउलट पोलोचं जुनं १.२ एमपीआय इंजिन जवळपास ७५ पीएसचं आणि गाडी जड. घाटात छान बसते, पण भरलेल्या गाडीत एसी लावून फ्लायओव्हर चढताना जीव काढते.

शनिवार-रविवारच्या मजेसाठी मात्र सस्पेन्शन आणि स्टीअरिंग लागतं. खंडाळ्याच्या वळणावर गाडी कलंडल्यासारखी वाटली की मागच्या सीटवरून "हळू चालव" सुरू होतं. घट्ट सस्पेन्शनची गाडी घरच्यांनाही कमी मळमळवते, हे फार जण लक्षात घेत नाहीत.

मग नेमक्या कोणत्या गाड्या बघाव्यात?

मारुती स्विफ्ट, पेट्रोल. २०११ ते २०१७ चं मॉडेल किंवा बजेट ताणलं तर २०१८ नंतरचं. पार्ट कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो आणि कुठल्याही मेकॅनिकला गाडी तोंडपाठ असते. उणीव दोन ठिकाणी: जुन्या मॉडेलची डिकी २०४ लिटरची, म्हणजे दोन मोठ्या बॅगा ठेवल्या की संपली. आणि २०१८ च्या स्विफ्टला ग्लोबल एनकॅपमध्ये (गाड्यांची धडक-चाचणी) दोनच तारे मिळाले होते.

होंडा सिटी, २०१४ नंतरची, १.५ आय-व्हीटेक. आमच्या मते या बजेटमधली सर्वांत पूर्ण फॅमिली गाडी हीच. ११९ पीएस, ५१० लिटरची डिकी, मागे पाय पसरून बसता येतं. वरच्या आरपीएमला इंजिन मोकळं होतं तेव्हा चालवणाऱ्यालाही समाधान. पाच जण बसले की उंच स्पीडब्रेकरवर पोट घासतं, म्हणून घेण्यापूर्वी गाडीखाली वाकून सायलेन्सर आणि खालचं कव्हर बघाच.

होंडा जॅझ, २०१५ नंतरची. चालवायला सिटीइतकी मजेदार नाही, पण ३५४ लिटरची डिकी आणि आतली जागा बघता हॅचबॅकमध्ये तिला तोड नाही. आजी-आजोबांना चढ-उतार सोपा पडतो.

फोर्ड फिगो आणि अ‍ॅस्पायर, २०१५ नंतरच्या. १.५ डिझेल १०० पीएसचं आहे आणि गाडी लहान, त्यामुळे पिकअप जबरदस्त. अ‍ॅस्पायरची डिकी ३५९ लिटर.

फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय मॅन्युअल (२०२० पासून) किंवा स्कोडा रॅपिड १.६ पेट्रोल मॅन्युअल. दोन्ही घट्ट, स्थिर. रॅपिड ४६० लिटरची डिकी देते. दुरुस्ती मारुतीपेक्षा महाग, म्हणून सर्व्हिसची सगळी बिलं असतील तरच.

टाटा अल्ट्रोझ पेट्रोल (२०२० पासून) सुरक्षिततेत पुढे, ग्लोबल एनकॅपचे पाच तारे. इंजिन मात्र संथ. मारुती बलेनो आरएस हा छुपा रुस्तम: १.० टर्बो, १०२ पीएस, मागेही डिस्क ब्रेक. विकल्या गेल्या थोड्या, त्यामुळे सापडली आणि नीट असली तर सोडू नका.

मॉडेलवर इतकी शाई घातली, पण खरं सांगायचं तर नीट राखलेली साधी ग्रँड आय१० ही हाल झालेल्या पोलोपेक्षा चालवायला जास्त आनंद देते.

फोर्डने भारतातून गाशा गुंडाळला. तरी फोर्ड घ्यावी?

सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने इथलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, आणि तेव्हापासून जुन्या फोर्डचे भाव तशाच सारख्या मारुतीपेक्षा खाली राहिले. तुम्ही घेणारे असाल तर हा फायदाच. फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच मिळतात. वेळ लागतो तो बॉडी पार्ट आणि हेडलॅम्पना. घेतलीत तर पाच-सहा वर्षं वापरायच्या तयारीनं घ्या, कारण पुढे विकताना तोच कमी भाव तुम्हालाही लागू होईल.

एक तांत्रिक गोष्ट. २०१८ च्या अखेरीपासून अ‍ॅस्पायरमध्ये आणि २०१९ पासून फिगोत आलेल्या तीन सिलिंडरच्या १.२ पेट्रोल इंजिनाचा टायमिंग बेल्ट इंजिन ऑइलमध्येच भिजलेला असतो. चुकीच्या ग्रेडचं ऑइल घातलं किंवा बदलायला उशीर केला तर बेल्टचा रबर सुटतो आणि त्याचे कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. ऑइलची बिलं दाखवा म्हणा. नसतील तर दुसरी गाडी बघा.

पेट्रोल, डिझेल की सीएनजी?

महिन्याला हजार किलोमीटरच्या आत असाल तर पेट्रोल. डिझेल जोमदार वाटतं, पण बोरिवलीहून गोरेगावला रोज रखडत जाणाऱ्या डिझेल गाडीत ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) काजळीनं भरतो. बीएस६ डिझेलमध्ये तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्याला अधूनमधून हायवेचा सलग वेग मिळाला नाही तर तो चोंदतो आणि खर्च मोठा निघतो. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल बंदच केलं. दिल्ली परिसरातली १० वर्षांवरच्या डिझेलबंदीची बातमी वाचून इथे लोक घाबरतात. मुंबईत तसा नियम नाही, पण जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्यानं कमी करण्याचा अभ्यास करायला सांगितलं आहे. दहा वर्षं वापरायच्या हिशेबानं जुनं डिझेल घेणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं.

सीएनजी खिशाला परवडतो, मजेला नाही. पिकअप उतरतो आणि डिकीत सिलिंडर बसतो, म्हणजे गावी जाताना सामान कॅरिअरवर. घ्यायचीच असेल तर कंपनी फिटेड घ्या. बाहेरून किट बसवलेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर आणि इन्शुरन्स पॉलिसीवर हवी. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी लागते. तारीख सिलिंडरवरच्या पट्टीवर कोरलेली असते.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या गाडीचं अ‍ॅव्हरेज त्यानं थोडं घटतं आणि इंधनाच्या रबरी पाइपांकडे लक्ष ठेवावं लागतं. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर पाइप बदलून घ्यायची बोलणी आधी.

ऑटोमॅटिक घ्यावी का? घरात सगळ्यांना चालवायची आहे.

सिटी आणि जॅझचा सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) टिकाऊ, मजा बेताची. मारुती-टाटाचा एएमटी स्वस्त पडतो, पण तो आतून मॅन्युअलच, त्यामुळे चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायची सवय असलेल्या मालकाची क्लच प्लेट लवकर जळते. पोलोचा सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) चालवायला सर्वांत सुंदर आणि वॉरंटी संपल्यावर सर्वांत धोक्याचा. त्याचे क्लच कोरडे असतात, सरकत-थांबत ट्रॅफिकमध्ये तापतात. त्याचं मेकॅट्रॉनिक युनिट (गिअर बदलणारा कंट्रोल भाग) गेलं तर खर्च लाखाच्या पुढे जाऊ शकतो. पाच लाखांच्या गाडीत हा जुगार आम्ही खेळणार नाही.

किलोमीटर खरे आहेत हे कसं कळणार?

मीटर मागे फिरवणं सोपं झालंय, म्हणून मीटर सोडून बाकी सगळं वाचा. नंबर घेऊन त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जुन्या नोंदी विचारा. मालकासोबत गेलात तर त्या बहुधा मिळतात. २०२१ मध्ये ५८ हजारांची नोंद आणि आज मीटरवर ४२ हजार असेल, तर तिथेच नमस्कार करून निघा. क्लचच्या पेडलचा रबर गुळगुळीत, स्टीअरिंग चकचकीत, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड दबलेली, आणि मीटर ३० हजार? जुळत नाही. मुंबईत खासगी गाडी वर्षाला साधारण आठ ते बारा हजार चालते. याहून फार कमी चाललेलीही तपासा. महिनोन् महिने बिल्डिंगखाली उभ्या गाडीचे टायर तडकतात, ब्रेक जाम होतात आणि उंदीर वायरिंग खातात.

टायरवर चार आकडे असतात: ३२१९ म्हणजे २०१९ च्या ३२ व्या आठवड्यातला. पाच-सहा वर्षांवरचा टायर नक्षी शिल्लक असली तरी बदलायचाच.

पावसात बुडालेली गाडी कशी ओळखायची?

मुंबईत हा प्रश्न सगळ्यांत आधी यायला हवा. हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे इथे पाणी भरल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. त्यातल्या काही गाड्या धुऊन-पुसून दिवाळीच्या आसपास बाजारात येतात.

पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. जो भाग नेहमी गुंडाळलेला असतो त्यावर चिखलाची फिकट रेघ किंवा करडा डाग राहतो, कारण तो कुणी धूत नाही. मग सीट मागे सरकवून खालची पट्टी बघा. वरून चकाचक गाडीत सीटच्या बोल्टना गंज असेल किंवा बोल्टच्या डोक्यावर पाना लावल्याचे ताजे ओरखडे असतील, तर सीट बाहेर काढून कार्पेट धुतलेलं आहे. स्टेपनी उचलून तिच्या खोलगट जागेच्या कोपऱ्यात बोट फिरवा, गाळ हाताला लागतो. स्टीअरिंगखालच्या फ्यूज बॉक्समध्ये टॉर्च मारा, पितळी टोकांवर हिरवट थर म्हणजे पाणी तिथवर आलं होतं. नऊ वर्षांच्या गाडीत कोरं कार्पेट आणि भपकन येणारा परफ्यूम यावरही विश्वास ठेवू नका.

अशी गाडी सुरुवातीला नीट चालते, हीच पंचाईत. कनेक्टर आतून गंजत राहतात आणि सहा-आठ महिन्यांनी कधी पॉवर विंडो, कधी एबीएसचा दिवा, कधी ईसीयू (इंजिनाचा संगणक) असं एकेक सुरू होतं. चालू इंजिनात पाणी शिरलं असेल तर कनेक्टिंग रॉड किंचित वाकलेला असतो. इंजिन फिरतं, पण एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा कमी येतं. शंका असली तर कॉम्प्रेशन टेस्टवर अडून बसा. मालक "कशाला उघडायचं, कंपनी सील आहे" म्हणाला तर उत्तर मिळालं.

आणि ठोकलेली?

छोटी घासाघीस इथे प्रत्येक गाडीला असते, त्यावरून गाडी सोडू नका. बघायचं ते सांगाड्याचं काम. बॉनेट उघडून रेडिएटरच्या वरची आडवी पट्टी आणि दोन्ही बाजूंचे चाकांवरचे पत्रे, म्हणजे अ‍ॅप्रन बघा: कंपनीचे स्पॉट वेल्डचे गोल ठिपके सारख्या अंतरावर असतात, गॅरेजचं वेल्डिंग ओबडधोबड. बॉनेट आणि दारांच्या बोल्टचा रंग उडालेला असेल तर पॅनल काढलेला आहे. पेंट मोजायचं यंत्र मेकॅनिककडे असतं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन, ३०० च्या वर गेला की खाली लांबी (पुट्टी) भरलेली. काचांवरची वर्षं एकमेकांशी जुळतात का तेही बघून घ्या. समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत दारांच्या खालच्या कडा आणि बॅटरीखालचा ट्रे गंजासाठी तपासा.

टेस्ट ड्राइव्ह कशी घ्यावी?

सकाळी जा, आणि आधी कळवा की इंजिन थंड हवंय. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर कुणीतरी आधीच चालू करून त्रास लपवलाय. पहिल्या स्टार्टला निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नसेल आणि कूलंट कमी असेल तर हेड गॅस्केटची शक्यता.

सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम उसळी मारतो पण वेग वाढत नाही, तर क्लच संपलाय. स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा, टकटक आली तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. स्पीडब्रेकरवरून अगदी हळू जा, कारण वेगात सस्पेन्शनचा "ठक" आवाज दबतो. पाली हिल किंवा मलबार हिलसारख्या चढावर एसी चालू ठेवून मध्येच थांबवा आणि पुन्हा उचला. मोकळा पट्टा मिळाला तर ५० वरून जोरात ब्रेक: स्टीअरिंग थरथरलं तर डिस्क वाकड्या, गाडी एका बाजूला ओढली तर कॅलिपर किंवा अलाइनमेंट. शेवटी वीस मिनिटं ट्रॅफिकमध्ये एसी लावून चालवा. उभ्या गाडीत गार हवा मंदावत असेल आणि तापमानाचा काटा वर जात असेल तर रेडिएटरचा पंखा बघायला हवा.

मागच्या सीटवर घरातलं सर्वांत उंच आणि सर्वांत कुरकुर करणारं माणूस बसवा. त्यांचं मत तुमच्यापेक्षा महत्त्वाचं ठरणार आहे.

मेकॅनिक कोण न्यावा?

विकणाऱ्याच्या ओळखीचा नको, एवढंच. त्याच मॉडेलवर काम करणारा, स्कॅनर असलेला घ्या. स्कॅनर लावल्यावर "नुकतेच सगळे कोड पुसलेले" दिसले तर तीही माहितीच आहे.

कागदपत्रांत काय काय बघायचं?

आरसीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः जुळवा. परिवहन पोर्टलवर मालक कितवा, इन्शुरन्स, पीयूसी आणि कर्जाचा बोजा दिसतो. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ई-चलान बघा आणि विकणाऱ्याकडूनच भरून घ्या. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीवर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसली आहे का तेही तपासा.

ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या लागतात. कायद्यानं विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. मुंबईतल्या आरटीओंचे एमएच क्रमांक: ताडदेव ०१, अंधेरी ०२, वडाळा ०३, बोरिवली ४७. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात, म्हणजे पुण्याची एमएच-१२ घेतली तरी नंबर तोच राहतो. पैसे बँकेतून द्या आणि ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा, म्हणजे त्याच दुपारचं कॅमेऱ्याचं चलान कुणाचं यावर वाद नको. फास्टॅग जुन्या मालकाचा बंद करून स्वतःचा घ्या.

दिल्लीची गाडी फारच स्वस्त मिळतेय.

ती का स्वस्त, ते वर डिझेलबंदीच्या बातमीत आलंच. तिथल्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स, नवा नंबर आणि हेलपाटे धरले की फरक विरघळतो.

इन्शुरन्स आपोआप आपल्या नावावर होतो का?

थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर येतं. स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र १४ दिवसांत अर्ज करून नावावर करून घ्यावा लागतो, नाहीतर दावा अडकतो. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. तो विकणाऱ्याकडेच राहतो आणि फरकाची रक्कम तुम्हाला भरावी लागते. मुंबईत इंजिन प्रोटेक्ट हे जादा कलम घ्या, कारण पाणी शिरून गेलेलं इंजिन साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही. आणि पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करून बघू नका, टोइंग बोलवा.

मालकाकडून घ्यावी, डीलरकडून की अ‍ॅपवरून?

मालकाकडून भाव बरा मिळतो आणि गाडीचा स्वभाव कळतो. अ‍ॅपवाल्यांच्या वॉरंटीत क्लच, टायर, ब्रेक, सस्पेन्शन यांसारखे झिजणारे भाग बहुधा नसतात. बारीक अक्षरं वाचा. गल्लीतला डीलर वाईटच असतो असं नाही, पण त्याच्याकडची गाडी पॉलिश केलेली असते, म्हणून ती उन्हात बघा, ट्यूबलाइटखाली नाही.

भाव कसा पाडायचा?

"शेवटचे किती?" विचारून नव्हे, तर सापडलेली कामं आकड्यांनिशी मांडून. टायर २२ हजार, क्लच १० हजार, हे कागदावर लिहून दिलं की विकणाऱ्याला उत्तर शोधावं लागतं.

घेतल्यावर पहिल्या महिन्यात काय करू?

इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, एसी फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल बदला. जुन्या मालकानं "नुकतंच केलंय" म्हटलं तरी. ब्रेक ऑइल आपल्या दमट हवेत पाणी ओढतं आणि घाटात पेडल मऊ पडतं, म्हणून दर दोन वर्षांनी. मग अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा.

मोठे अलॉय व्हील आणि रुंद टायर टाकले तर मजा वाढेल?

दिसायला. स्टीअरिंग जड होतं, अ‍ॅव्हरेज पडतं, आणि पातळ कडेचा टायर पावसाळ्यातल्या खड्ड्यात पडला की रिम वाकतं. कंपनीच्याच मापात चांगल्या ब्रँडचे टायर घ्या. त्याच पैशांत पुढचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि माउंट नवे बसत असतील तर ते आधी.